घरगुती कॅमकॉर्डरचा लवाजमा

गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरच्या माळ्यावरून एक काळी पेटी खालीं उतरली. माझे थोरले बंधु १९९६ सालीं दुबईहून सुट्टीवर आले, तेव्हां त्यांनीं बरोबर आणलेला कॅमकॉर्डर त्या पेटींत होता. मधल्या कप्प्यांत तो स्वतः, आणि भोंवतालच्या कप्प्यांत, दरबारांत मानकऱ्यांनीं आपापल्या जागा धरून बसावें त्याप्रमाणें, त्याचा सारा लवाजमा: तीन बॅटऱ्या, एक चार्जर, लहानसा दिवा, पुढें बसवावयाचें एक जोडभिंग, दोन रंगीत कांचा, रिमोट, वीजदाब बदलणारा एक वजनदार ट्रान्सफॉर्मर, आणि कधींहि न उघडलेल्या पिशवींत कांहीं तारा. शेजारीं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत बावीस कॅसेटी होत्या.

त्या कॅसेटींवरचीं चित्रें आम्हीं संगणकावर उतरवून घेतलीं आणि पुढें महिनाभर रोज रात्रीं थोडींथोडीं पाहिलीं. पाहतां पाहतां माझ्या ध्यानांत आलें, कीं आपण नकळत एक परीक्षा घेत आहों. या लवाजम्यांतली प्रत्येक वस्तु विकत घेतांना तिच्याविषयीं दुकानदारानें कांहींतरी आश्वासन दिलें होतें. त्यांपैकीं कोणतें खरें ठरलें आणि कोणतें खोटें, याचा निकाल आतां डोळ्यांपुढें होता. तो निकाल आपणांस सांगावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

कोणी म्हणेल, कीं आतां खिशांतला फोनच चलच्चित्रें घेतो. मग या जुन्या यंत्राची चर्चा कशाला? परंतु फोन घेणाऱ्या माणसालाहि दुकानदार तोच लवाजमा विकत असतो: फोन उभा करावयाची काठी, सदऱ्याला लावावयाचा मायक्रोफोन, वाटोळा दिवा, चिमुकलीं जोडभिंगें. यंत्र बदललें, तरी प्रकाश आणि ध्वनि यांचे नियम बदललेले नाहींत. आणि घरांतल्या माणसांचीं वयेंहि थांबलेलीं नाहींत.

हा लवाजमा वाढला कसा, हें प्रथम थोडक्यांत पाहूं. कॅमेरा आणि फितीवर मुद्रण करणारें यंत्र हीं दोन्हीं एकाच खोक्यांत घालून सोनी कंपनीनें १९८३ सालीं बेटामूव्ही नांवाचें यंत्र घरगुती ग्राहकांसाठीं काढलें. तें खांद्यावर ठेवून चालवावें लागे, आणि घेतलेलें चित्र त्याच यंत्रांत परत पाहण्याची सोय त्यांत नव्हती. १९८५ सालीं आठ मिलिमीटर रुंदीच्या फितीचें यंत्र आलें. १९८९ सालीं, सुमारें ८०० ग्रॅम वजनाचें आणि पासपोर्टएवढें म्हणून जाहिरात केलेलें यंत्र निघालें. १९९२ सालीं शार्प कंपनीनें कॅमेऱ्याच्या पाठीवरच रंगीत पडदा बसविला, आणि १९९५ सालीं अंकांच्या रूपानें मुद्रण करणारी डीव्ही पद्धति आली. या बारा वर्षांत यंत्रें लहान झालीं, स्वस्त झालीं, आणि बहुतांशीं एकमेकांसारखीं झालीं. मग एकाहून दुसरें निराळें आहे असें दाखवावयाचें कशानें? अंगावरच्या बटनांनीं आणि बरोबरच्या सामानानें! पेटीवर छापलेल्या वैशिष्ट्यांची यादी लांबत गेली ती तेव्हांपासून.

अशी यादी हातीं आली असतां ती कोणत्या कसोटीवर घासावी? बावीस कॅसेटी पाहिल्यावर मला जी कसोटी सांपडली ती फार साधी आहे. चित्रण करतांना प्रकाश आणि ध्वनि हे एकदांच हातीं लागतात. त्या क्षणीं जें पकडलें गेलें नाहीं, तें पुढें कोणत्याहि युक्तीनें मिळत नाहीं. उलट, पकडलेल्या चित्राला रंग देणें, त्यावर अक्षरें घालणें, त्याची कांटछांट करणें, हीं कामें पुढें केव्हांहि करतां येतात. म्हणून प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा: "तूं जें देतेस, तें मला उद्यां मिळवितां येईल काय?" येईल असें उत्तर आलें, तर पैसे खिशांत ठेवावे. येणार नाहीं असें आलें, तरच खिशांत हात घालावा.

प्रथम यंत्राच्या अंगांत असलेल्या सोयी घेऊं. त्यांत अग्रपूजेचा मान झूमचा. झूम दोन प्रकारचा असतो, आणि पेटीवर मोठ्या अक्षरांत असतो तो बहुधा खोटा. भिंगांतील कांचा पुढेंमागें सरकून जें दृश्य जवळ येतें, तें खरोखरीच जवळ येतें. डिजिटल झूम मात्र चित्राचा मधला तुकडा कापून तोच ताणून दाखवितो. समजा, यंत्रांतल्या प्रकाशग्राही चकतीवर चार लाख बिंदू आहेत. डिजिटल झूम दहापट केला, तर लांबीचा दहावा आणि रुंदीचा दहावा, म्हणजे एकूण चित्राचा शंभरावा भाग उरतो: चार हजार बिंदू. अंगणांतल्या रांगोळीच्या भाषेंत सांगावयाचें, तर ऐंशी ठिपके आणि पन्नास ओळी! गिरगांव चौपाटीवरचें विसर्जन आमच्या बंधूंनीं अशा रीतीनें घेतलेलें आहे. त्यांत समुद्र ओळखूं येतो, गर्दीहि ओळखूं येते. पण गणपति कोणता, तें सांगावें लागतें. तुकडा कापून ताणणें हें काम संगणकावर केव्हांहि होतें. यास्तव यादींत भिंगाच्या झूमचा आंकडा तेवढा वाचावा.

दुसरी सोय नाना प्रकारच्या रंगछटांची. एक बटन दाबलें, कीं चित्र जुन्या फोटोसारखें तपकिरी होई, दुसरें दाबलें, कीं चौकटी चौकटींचें. माझ्या पुतण्याच्या मुंजीचा अर्धा भाग असा तपकिरी आहे. त्या दिवशीं तें सर्वांना फार कलात्मक वाटलें. आज वहिनींच्या शालूचा रंग कोणता होता, यावर घरांत वाद आहे आणि पुरावा नाहीं. रंगीत चित्राचें तपकिरी चित्र केव्हांहि करतां येतें. तपकिरीचें पुन्हां रंगीत करून तो खरा रंग परत आणतां येत नाहीं.

चित्राच्या कोंपऱ्यांत तारीख उमटविण्याच्या सोयीविषयीं मात्र माझें मत बदललें. फितीवर कायमची उमटलेली ती तारीख चित्र विद्रूप करते, हें खरें. परंतु ज्या कॅसेटींवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या, त्यांचा काळ आम्हांला तिनेंच सांगितला. प्रारंभीं पांच सेकंद तारीख दाखवावी आणि मग ती बंद करावी, हा मध्यम मार्ग उत्तम.

हात हालला तरी चित्र स्थिर ठेवण्याची सोय खऱ्या उपयोगाची आहे. तीहि दोन प्रकारची. एकींत भिंगाचा कांहीं भाग हाताच्या कंपाच्या उलट दिशेला सरकतो. दुसरींत चित्राच्या कडा थोड्या सोडून देऊन मधली चौकट इकडेतिकडे सरकविली जाते. पहिली अधिक चांगली, कारण मंद प्रकाशांत हात हालल्यानें प्रत्येक चित्र जें पुसट होतें, त्याला दुसरीपाशीं इलाज नाहीं. चित्रांचें उड्या मारणें आज संगणकावर पुष्कळसें थांबवितां येतें; पण प्रत्येक चित्रांतली ती पुसट रेघ राहतेच.

अंधारांत पाहण्याची सोय अवरक्त किरणांवर चालते. तिला रंग कळत नाहींत आणि तिचा पल्ला कांहीं हातांपुरताच असतो. १९९८ सालीं सोनीच्या अशा कांहीं यंत्रांना विशिष्ट कांच लावून भर दिवसां चित्रण केलें असतां कांहीं कपडे पारदर्शक भासूं लागतात, असें उघडकीस आलें, आणि कंपनीला ती रचना बदलावी लागली. झोंपलेल्या तान्ह्या मुलाचें चित्र घेण्यापलीकडे घरांत या सोयीचें काम पडत नाहीं.

आतां स्वतंत्र सामानाकडे वळूं. यांत पहिला क्रमांक मी निःशंकपणें बॅटरीला देतों. १९९१ सालीं लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आली, ती सोनीच्या एका कॅमकॉर्डरमधूनच. ज्या तिघां शास्त्रज्ञांच्या संशोधनांतून ती जन्मली, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु बॅटरी कितीहि चांगली असली, तरी तिच्यावर लिहिलेला वेळ हा अखंड चित्रणाचा असतो. आपण घरीं जसें चित्रण करतों, म्हणजे थोडें घेतलें, थांबलों, झूम केला, पडद्यावर पाहिलें, पुन्हां सुरू केलें, त्यांत तो वेळ निम्म्यावर येतो. आमच्या तिन्ही बॅटऱ्या त्या मुंजींत भिक्षावळीपर्यंत कशाबशा पुरल्या. वहिनी पहिली भिक्षा घालावयास पुढें आल्या, आणि चित्र काळें झालें. समारंभ जितका वेळ चालेल असें वाटतें, त्याच्या तिप्पट वेळ पुरेल इतक्या बॅटऱ्या जवळ असाव्या, हा हिशेब मीं तेव्हांपासून मनाशीं बांधला आहे.

ट्रायपॉड आमच्याकडे नव्हता, आणि त्याची उणीव जवळजवळ प्रत्येक कॅसेटींत दिसते. ती केवळ हालणाऱ्या चित्रांतच दिसते असें नव्हे. वडील माणसें बोलत असतांना त्यांची नजर पाहा. डोळ्याला यंत्र लावून बसलेल्या नातवाशीं आजोबांना बोलतां येत नाहीं. ते कांचेशीं बोलतात, अडखळतात आणि लौकरच "पुरे आतां" म्हणतात. यंत्र तीन पायांवर उभें करून नातू त्यांच्या समोर बसला, तर ते नातवाशीं बोलतात. असा ट्रायपॉड घेतांना त्याचे पाय डगमगत नाहींत ना, आणि वरचें डोकें धक्का न देतां सावकाश फिरतें ना, एवढें पाहावें. लग्नाच्या गर्दींत मात्र तो उपयोगाचा नाहीं; तेथें मांडवाच्या खांबाला पाठ टेकणें बरें.

दिव्याविषयीं एक नियम लक्षांत ठेवावा. दिव्यापासून एक मीटरवर जेवढा प्रकाश पडतो, त्याचा नववा हिस्सा तीन मीटरवर पडतो. म्हणून कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या दिव्यांत पुढचा माणूस पांढराफटक होतो, मागचे सारे काळोखांत जातात, आणि जो तो डोळे मिचकावतो. भिंतीकडे किंवा छताकडे तोंड करून दिवा लावला, तर परतून आलेला प्रकाश सौम्य असतो. त्याहून चांगली म्हणजे उघडी खिडकी: आपली पाठ तिच्याकडे आणि माणसाचें तोंड तिच्याकडे. तिला किंमतहि पडत नाहीं.

जोडभिंगानें मला आश्चर्याचा धक्का दिला. तें मी चैनीच्या वस्तूंत काढीत होतों. परंतु आमचें त्या वेळचें बिऱ्हाड गिरगांवांतल्या चाळींत, दोन खोल्यांचें. तेथें मागें सरावें, तर पाठीशीं भिंत. आणि कॅमकॉर्डरचें स्वतःचें भिंग अरुंद दृष्टीचें. दृश्याची रुंदी वाढविणारें हें जोडभिंग ज्या दिवशीं लावलें, त्याच दिवशीं सारें कुटुंब एका चित्रांत मावलेलें दिसतें. मागें सरावयास जागा नसेल, तेथें हें भिंग घेण्यासारखें आहे. मात्र स्वस्त भिंगाच्या कडा पुसट असतात. दूरचें जवळ आणणारें जोडभिंग आणि रंगीत कांचा यांची गरज आम्हांस पडली नाहीं. समुद्राच्या खारट तुषारांपासून भिंग वांचविण्यासाठीं पुढें एक साधी रंगहीन कांच असावी, एवढें पुरे.

तो वजनदार ट्रान्सफॉर्मर तर संपूर्ण फुकट गेला. चार्जर उलटा करून पाहिला असता, तर त्यावर "१०० ते २४० व्होल्ट" अशीं अक्षरें स्वच्छ होतीं. याउलट, ज्यांच्या नातेवाइकांनीं अमेरिकेहून कॅमेरे आणले, त्यांना निराळीच अडचण आली. भारतांत दूरचित्रवाणीची पाल पद्धति, म्हणजे ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रें. अमेरिकेंत एनटीएससी, म्हणजे ५२५ ओळी आणि सेकंदाला सुमारें ३० चित्रें. ते कॅमेरे इथल्या दूरचित्रवाणीला जोडले, कीं पुष्कळदां रंग नाहींसे होत किंवा चित्र गडगडत राही. त्या घरच्या कॅसेटींना आजहि एनटीएससी जाणणारें यंत्रच लागतें, हें त्यांनीं विसरूं नये.

आतां मायक्रोफोन. रेडिओवर बोलणाऱ्यानें आवाजाची तरफदारी करावी, यांत नवल नाहीं. तरीहि मी हा विषय मुद्दाम मागें ठेवला. कॅमेऱ्याच्या अंगांत असलेला मायक्रोफोन आपल्या जवळचें आधीं ऐकतो: आंतल्या मोटरची घरघर, धरणाऱ्याचा श्वास, शेजारच्या पंख्याचा आवाज. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें, कीं ध्वनीचा दाब निम्मा होतो. झूम करून चेहरा जवळ आणतां येतो. आवाज जवळ येत नाहीं. आणि वारा थेट मायक्रोफोनवर आदळला, तर त्यापुढें कशाचेंच कांहीं चालत नाहीं.

१९९७ च्या मे महिन्यांत आम्ही सारे गुहागरला गेलों होतों. संध्याकाळीं समुद्रकांठीं वाळूंत बसून आजी, ती लग्न होऊन आगबोटीनें दाभोळच्या बंदरांत कशी उतरली, ती हकीकत सांगत होती. बंधूंनीं ती सारी चित्रित केली. फीत अकरा मिनिटें चालते. चित्र सुरेख आहे. उन्हाचा तिरपा प्रकाश तिच्या चेहऱ्यावर आहे, ती हंसते, हातानें लाटा दाखविते, मध्येंच पदरानें डोळे टिपते. आणि त्या अकरा मिनिटांत ऐकूं येतो तो केवळ वारा. पुढच्या वर्षीं ती गेली. ती हकीकत आम्हीं सर्वांनीं ऐकलेली होती, म्हणून ती कोणीहि लिहून ठेविली नाहीं. आणि आतां प्रत्येकाला ती थोडी निराळी आठवते. संगणकावर तो वारा गाळून पाहिला. तिच्या आवाजाचा कांहीं अंश आला, शब्द आले नाहींत.

मायक्रोफोनवर बसवावयाची स्पंजाची टोपी ही सगळ्या लवाजम्यांत सर्वांत स्वस्त वस्तु. आमच्या पेटींत दोन रंगीत कांचा होत्या, ती नव्हती. म्हणून नवें यंत्र घेतांना, मग तो कॅमकॉर्डर असो कीं फोन, बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची सोय आहे काय, हें प्रथम विचारावें. बोलणाऱ्याच्या छातीशीं लावलेला साधा मायक्रोफोनहि पुरतो. त्याबरोबर कानाला लावून ऐकण्याची सोयहि असावी; कारण चित्र बिघडलें तर तें पडद्यावर दिसतें, आवाज बिघडला तर तो घरीं आल्यावरच कळतो.

शेवटीं राहिल्या त्या न उघडलेल्या पिशवींतल्या तारा. १९९६ सालीं ज्यांच्याकडे कोणीं पाहिलें नाहीं, त्याच आज सर्वांत मोलाच्या ठरल्या. फितीवरचें चित्र संगणकांत न्यावयाचें तें त्यांच्याच वाटेनें. घरगुती व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर बनविणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीनें २०१६ च्या जुलैंत तें उत्पादन थांबविलें. आठ मिलिमीटर फितीसाठीं तर जुना कॅमेरा हेंच वाचणारें यंत्र. म्हणून तो भंगारांत घालूं नये. १९९९ सालीं निघालेल्या डिजिटल-८ जातीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत जुन्या आठ मिलिमीटरच्या फिती चालतात आणि चित्र अंकरूपानें बाहेर येतें. मात्र सर्वांतच ही सोय नाहीं, हें घेण्यापूर्वीं पाहावें.

काम करतांना प्रथम बिनमोलाची एखादी कॅसेट घालून यंत्र फीत खात नाहीं ना, याची खात्री करावी. कॅसेटच्या खिडकींतून फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती मुळींच घालूं नये; जाणकाराच्या हवालीं करावी. नाहीं तर एका कॅसेटची बुरशी यंत्रांतून पुढच्या सर्व कॅसेटींना लागते. पिवळ्या टोकाच्या तारेऐवजीं एस-व्हिडिओची तार मिळाली, तर हाय-८ फितीचें चित्र अधिक स्वच्छ येतें. डीव्ही पद्धतीनें एका तासाला सुमारें १३ गिगाबाइट जागा लागते. आज ती फारशी महाग नाहीं. उतरवून झाल्यावर दोन प्रती कराव्या आणि त्यांतली एक दुसऱ्या घरीं ठेवावी.

आमच्या परीक्षेचा निकाल हा असा. उत्तीर्ण झाल्या त्या बॅटऱ्या, जोडभिंग आणि तारा. नापास झाले ते ट्रान्सफॉर्मर, रंगीत कांचा आणि बहुतेक सारीं बटनें. आणि ज्यांची सर्वांत अधिक गरज होती, तो ट्रायपॉड आणि ती स्पंजाची टोपी परीक्षेला बसलींच नव्हतीं.

आपल्या घरींहि माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. चुंबकीय फितीला उष्णता आणि दमट हवा दोन्ही मानवत नाहींत, आणि आपल्याकडे वर्षांतून चार महिने पाऊस असतो. यंदाचा पावसाळा लागण्यापूर्वीं ती खालीं काढावी, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.